बाराव्या मशीनचं बोट

सदतिसाव्या बरणीला मशीन पुन्हा अडकलं. त्याआधी ते बाविसाव्या बरणीला अडकलं होतं, त्याआधी एकसष्टाव्या, आणि सकाळी तर पाचव्याच. दर दहाव्या बरणीला अडकलं असतं तर तिची काही तक्रार नव्हती. दर दहाव्याला अडकणाऱ्या मशीनमध्ये काहीतरी नियम असतो आणि नियम सापडला की दोष सापडतो. हे मशीन मनाला येईल तेव्हा अडकायचं, आणि मालक बघायला आले की शहाण्या मुलासारखं ओळीनं शंभर बरण्या काढून दाखवायचं. मालकांची पाठ वळली की पुन्हा लाल दिवा.

मशीन तिनंच डिझाइन केलं होतं. काम म्हटलं तर साधं. गोल चकतीवर काचेच्या बरण्या उभ्या असतात. चकती एक घर सरकते आणि थांबते. ती थांबली की वरून एक दांडी खाली येते, दांडीच्या टोकाचं चपटं पोलादी बोट घसरपट्टीवरून एक झाकण ओढतं, बरणीवर ठेवतं आणि वर निघून जातं. मग चकती पुन्हा सरकते. मिनिटाला चाळीस झाकणं. सगळी गोम त्या बोटाच्या परतीत होती. परत जाताना ते पुढच्या बरणीच्या काठाला नुसतं घासलं तरी चकती खडखडून थांबायची.

अशी अकरा मशीनं या कारखान्यातून नऊ वर्षांत गेली होती आणि अकराच्या अकरा आजही चालू होती. अडकत होतं ते हे बारावं. ड्रॉइंग तेच, पोलाद तेच, स्प्रिंगा त्याच दुकानातल्या. तिनं स्प्रिंग बदलून पाहिली, दांडी वरखाली करणारा कॅम पुन्हा मोजला, चकतीचा वेग कमी केला, बरण्या एकेक करून मोजल्या. बरण्या थोड्या उंचसखल होत्या, पण काचेच्या बरण्या तशा असतातच, आणि बाकीची अकरा मशीनं अशाच बरण्यांवर निमूटपणे झाकणं बसवत होती. तीन आठवड्यांत तिच्या नाकी नऊ आले होते.

मग फरक उरला तो एकच. आधीची अकरा मशीनं उस्तादांनी जोडली होती, आणि बारावं मायक्रॉननं.

उस्ताद म्हणजे तिचे वडील. या कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होते. ती ड्रॉइंगच्या खोलीत नोकरीला लागली तेव्हा त्यांची एकोणतीस झाली होती. चार महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि त्यांच्या टेबलावर नवा फिटर आला. चाळिशी ओलांडलेला, सडपातळ, दोन शाळकरी मुलींचा बाप. जुनी चांगली नोकरी सोडून आला होता आणि अजून कच्चाच होता, म्हणजे सहा महिने पुरे झाल्याशिवाय पक्का होणार नव्हता. हा माणूस साधा वायसरसुद्धा मोजल्याशिवाय लावत नसे. डाव्या हातात ड्रॉइंग, उजव्या हातात बारीक मोजमापाचा व्हर्निअर, आणि खिशात एक वही. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी त्याचं नाव मायक्रॉन ठेवलं, आणि त्यानं तेही गंभीरपणे स्वीकारलं.

याच माणसानं बारावं मशीन जोडायला घेतलं त्या दिवशी तो तिच्या खोलीत आला होता आणि दारात उभा राहून म्हणाला होता, की मॅडम, हे बोट मला जरा लांब वाटतंय. ती त्या वेळी दुसऱ्या कामात होती. मान वर न करता तिनं सांगितलं, की ते बोट नऊ वर्षं तेवढंच आहे, ड्रॉइंगप्रमाणे करा. त्यानं मान हलवली आणि ड्रॉइंगप्रमाणे केलं. ती ते विसरूनही गेली.

आता मालकांना लेखी अहवाल हवा होता. शुक्रवारी सकाळी दहाला गिऱ्हाईक मशीन बघायला येणार होतं, त्याआधी दोष कुणाचा ते कागदावर पाहिजे होतं. मालकांना माणूस वाईट वाटत नव्हता, पण मशीन न चालवणारा फिटर ठेवून करायचं काय, असं त्यांचं म्हणणं होतं. अहवालात 'जोडणीतला दोष' असं आलं की मायक्रॉन शनिवारपासून घरी बसणार, हे तिला ठाऊक होतं आणि मायक्रॉनलाही ठाऊक होतं. तरी तो रोज सकाळी येऊन तेच बोट, तोच कॅम, त्याच पिना मोजायचा आणि आकडे वहीत लिहायचा. ते पाहून तिला अजूनच चीड यायची. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती एकदा चहाच्या वेळी त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलून गेली. त्यानं चहा संपवला आणि व्हर्निअर उचलला.

घरी वेगळाच ताप होता. निवृत्त झालेला फिटर घरात असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल. चार महिन्यांत बाबांनी सगळी दारं उतरवून पुन्हा बसवली होती. खिडक्या आता करंगळीनं उघडायच्या. कपाटाचे खण इतके हलके सरकायचे, की आईनं सवयीनं जोर लावला की अख्खा खण हातात यायचा. आई म्हणायची, अडतीस वर्षं माणूस घरी नसतो म्हणून मी रडले, आता हा कानस घेऊन माझ्या डब्यांच्या झाकणांमागे लागलाय, आता कुणाकडे रडू.

आणि रोज संध्याकाळी, ती चपला काढते न काढते तोच, बाबा विचारायचे, की चाललं का मशीन.

"नाही चाललं."

"बोटच अडकत असेल."

"बाबा, मला जरा पाणी तरी पिऊ द्या."

"जरा घासून बघा म्हणावं त्याला. थोडंसंच."

यावर ती भडकायची. घासायचं कशाला, ड्रॉइंग कशासाठी असतं, प्रत्येक जण आपल्या मनानं घासत बसला तर मी खोलीत बसून करते काय, असं ती रोज त्याच शब्दांत बोलायची आणि बाबा रोज तसाच चष्मा पुसायचे. पालथ्या घड्यावर पाणी, ती मनाशी म्हणायची. जुने लोक, हातातल्या कानशीपलीकडे त्यांना दिसत नाही. अडकतं ते बोटच, हे आपण घरी कधी सांगितलंच नव्हतं, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी तिनं अहवाल लिहायला घेतला आणि अर्ध्यावर थांबली. मालकांनी विचारलं असतं, की ड्रॉइंग बरोबर आहे याला पुरावा काय. पुरावा गावातच होता. नदीपलीकडच्या जॅमच्या कारखान्यात तिचं पहिलं मशीन नऊ वर्षं चालत होतं. त्याचं बोट मोजायचं, आकडा अहवालात टाकायचा, की मायक्रॉनच्या वहीचं तोंड बंद. व्हर्निअर पर्समध्ये टाकून ती निघाली.

जॅमच्या कारखान्यातल्या देखरेख करणाऱ्या बाई मशीनला हात लावू द्यायला तयार नव्हत्या. चांगलं चाललेलं मशीन उघडायला देणं म्हणजे झोपलेलं मूल उठवणं, असं त्यांचं मत पडलं. शेवटी जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं कशीबशी मिळाली. बाई हातात डबा घेऊन शेजारीच उभ्या राहिल्या आणि सांगत राहिल्या, की नऊ वर्षांत हे एकदाही अडकलेलं नाही, तुमचा हात फार चांगला आहे. तिला बरं वाटलं. तीन आठवड्यांत कुणी चांगलं बोललं नव्हतं.

तिनं दोन स्क्रू काढले, बोट पुसलं आणि व्हर्निअर लावला. ड्रॉइंगमध्ये पिनेच्या मध्यापासून टोकापर्यंत चौसष्ट मिलिमीटर होते. व्हर्निअरनं साडेबासष्ट दाखवले.

तिनं पुन्हा मोजलं. मग व्हर्निअरच बिघडला असेल म्हणून तो पूर्ण मिटवून शून्य पाहिलं. शून्य शून्यावरच होतं. साडेबासष्ट.

झिजलं असेल, तिनं स्वतःला सांगितलं, आणि बोट खिडकीच्या उजेडात धरलं. झिजलेलं पोलाद गुळगुळीत असतं. या टोकावर बारीक रेघा होत्या, आधी एका तिरप्या दिशेनं, मग त्यांना छेदून दुसऱ्या, आणि कडेला हलका गोल दिलेला. अशा रेघा तिनं लहानपणापासून रोज पाहिल्या होत्या. स्वयंपाकघराच्या कडीवर त्या होत्या, तिच्या शाळेच्या पेटीच्या कुलपावर होत्या, आईच्या अडकित्त्यावर होत्या. प्रत्येकाची कानस मारायची एक पद्धत असते आणि ती सहीसारखी ओळखू येते.

दुसऱ्याला खोटं पाडायला आले आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, हे तिला तिथंच, त्या बाईंच्या डब्याशेजारी उभ्याउभ्या कळलं. मशीन अडकायचं ते उंच बरणी आली की, कारण लांब बोट तिच्या काठाला घासायचं. पहिलं ड्रॉइंग करताना तिनं गिऱ्हाइकानं पाठवलेली नमुन्याची एकच बरणी धरली होती, आणि ती नेमकी बुटकी निघाली असणार. नऊ वर्षांपूर्वीची, शिकाऊ मुलीची चूक. आणि ती अकरा वेळा कुणीतरी काहीही न बोलता घासून टाकली होती. सुट्या भागांच्या पेट्यासुद्धा, बदलीची बोटं घासून, बाबा स्वतःच भरायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांच्या या हट्टाला ती सगळ्यांसमोर हसायची.

संध्याकाळी बाबा ओट्यापाशी बसून किसणीचा वाकलेला दात सरळ करत होते. तिनं चपला काढल्या नाहीत. पर्स टेबलावर टाकली.

"बाबा, साडेबासष्ट?"

बाबांचा हात थांबला. त्यांनी विचारलं नाही कशाचे साडेबासष्ट.

"कुठलं बघितलंस?" ते म्हणाले.

"जॅमवाल्यांचं. बाकीची दहा पण बघून येऊ, का तुम्हीच सांगता?"

"सगळी," बाबा म्हणाले. "सगळीच."

आई कांदा चिरता चिरता थांबली, एकदा या तोंडाकडे आणि एकदा त्या तोंडाकडे पाहून तिनं गॅस बारीक केला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. आपलेच दात, आपलेच ओठ. या घरात तिनं दोघांच्याही बाजूनं भांडून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा तीच वाईट ठरली होती.

मग लेकीला जे बोलायचं होतं ते ती सगळं बोलली. की नऊ वर्षं मी वेड्यासारखी मिरवत होते. की माझ्या खोलीत ते ड्रॉइंग मी चौकटीत लावून ठेवलंय. की माणूस चुकतो, पण चूक कळली तर सुधारतो, तुम्ही मला ती कळूच दिली नाहीत. की तुम्हाला वाटलं असेल तुम्ही लेकीला सांभाळताय, पण तुम्ही मला अडाणी ठेवलंत. हे शेवटचं वाक्य तिला स्वतःलाच फार लागलं.

बाबांनी किसणी बाजूला ठेवली. ते हळूहळू बोलायला लागले. पहिलं मशीन अडकलं तेव्हा मी ड्रॉइंग घेऊन तुझ्या खोलीकडे निघालो होतो, म्हणाले. मालक आणि तो जुना मोठा साहेब दारातच उभे होते. साहेब म्हणत होता, की फिटरची पोर आहे, बापाच्या वशिल्यानं आली, बघू किती दिवस टिकते. मी तिथून परत फिरलो आणि कानस घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं, दुसऱ्या मशीनच्या वेळी सांगू. दुसऱ्या वेळी तुझं नाव झालं होतं. मग सांगायचं कसं ते कळेना.

"मी निवृत्त होताना तरी सांगायचंत."

"सांगत होतोच की. रोज संध्याकाळी. जरा घासा म्हणून."

तिनं डोक्याला हात लावला. हसावं की किसणी फेकून मारावी, ते तिला कळेना.

"उद्या सकाळी मी येतो," बाबा पुढे झुकून म्हणाले. "आठच्या आत. मागच्या दारानं. पाच मिनिटांचं काम. कुणाला काही कळायचं नाही, तुझं ड्रॉइंग आहे तसं राहील."

"आणि मायक्रॉन?"

"त्याचं काय?"

तेव्हा तिनं अहवालाचं सांगितलं. मशीन उद्या आपोआप चालू झालं, तर आजवर ते त्याच्यामुळे बंद होतं असंच ठरणार, आणि शनिवारी तो घरी. बाबा ताठ बसले. अडतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या फिटरच्या पोटावर पाय दिला नव्हता. हे आधी का नाही बोललीस, ते म्हणाले. आधी तिला त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

शुक्रवारी साडेसातला ती कारखान्यात पोचली. चौकटीतलं ड्रॉइंग तिनं भिंतीवरून काढलं, काचेमागून कागद बाहेर घेतला आणि टेबलावर पसरला. खालच्या कोपऱ्यात दुरुस्तीचा रकाना असतो: काय बदललं, का बदललं, कुणी बदललं. त्या ड्रॉइंगवर तो रकाना नऊ वर्षं कोरा होता आणि तिला त्याचाच सगळ्यात जास्त अभिमान होता. तिनं चौसष्टवर लाल रेघ मारली, साडेबासष्ट लिहिलं. कारणाच्या जागी आधी 'सुधारणा' लिहावंसं वाटलं. तो शब्द बरा दिसला असता. तिनं 'मूळ ड्रॉइंगमध्ये चूक' असं लिहिलं आणि खाली सही केली.

मायक्रॉन आठला आला. तिनं कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो नेहमीप्रमाणे सगळा वाचला, रकान्यापाशी थांबला, पुन्हा वाचला. मग खिशातली वही काढून पहिल्या दिवसाचं पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. 'बोट दीड मिमी लांब वाटते. मॅडमना सांगितले. ड्रॉइंगप्रमाणे करा म्हणाल्या.' त्यात राग नव्हता, नोंद होती. तेच जास्त झोंबलं.

"तुम्ही मला परत का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

"तुम्ही मान वर केली नव्हती, मॅडम."

माझं चुकलं, ती म्हणाली, चहाच्या वेळी बोलले तेही. त्यानं मान हलवली. मग तो लगेच कामाचं बोलायला लागला, की कडेला गोल किती द्यायचा ते ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं नाही, अंदाजानं मी करणार नाही.

गोल किती ते एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो मागच्या दाराशी कानस घेऊन उभा होता. तिनं बाबांना पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत आत आणलं. पुढचा तासभर हे दोघे पुरुष एका बोटावर ओणवे होते. बाबा चार हात मारायचे, मायक्रॉन थांबा म्हणायचा आणि मोजायचा. बाबा म्हणायचे, हाताला कळतं रे. मायक्रॉन म्हणायचा, हाताला कळतं ते कागदाला कळायला पाहिजे, उस्ताद. घड्याळात साडेनऊ झाले आणि ती दोघांवरही ओरडली.

दहाला गिऱ्हाईक आलं. मशीन सुरू झालं. शंभर झाकणं झाली, दोनशे झाली, उंच बरण्या आल्या आणि बोट त्यांच्यावरून अलगद निघून गेलं. लाल दिवा लागला नाही. पाचशेव्या बरणीनंतर गिऱ्हाईक मोजणं सोडून चहाकडे वळलं.

मालकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, की शेवटी दोष निघाला कुणाचा. तिनं अहवाल दिला नाही, ड्रॉइंग दिलं. मालकांनी आधी लाल रेघ पाहिली, मग सही पाहिली.

"म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या माणसाला बोलत होतो."

"हो. मीपण."

"आणि ती अकरा मशीनं?"

"ती माझ्या ड्रॉइंगप्रमाणे नाहीत. म्हणून चालतात."

मालकांनी कागद परत केला. ठीक आहे, म्हणाले, फिटर राहील. दोन पावलं जाऊन ते पुन्हा वळले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची तिला कालपासून भीती वाटत होती. तुमची बाकीची ड्रॉइंग्ज बरोबर आहेत ना, मॅडम?

तपासून सांगते, ती म्हणाली. मालकांच्या चेहऱ्यावरून कळलं, की आता पूर्वीसारखं नुसत्या सहीवर काम भागणार नाही.

ती खोलीत आली. भिंतीवर रिकामी चौकट होती. बाबा स्टुलावर बसून कानस फडक्यानं पुसत होते, आणि मायक्रॉन दाराशी उभा राहून आपल्या वहीत गोलाचा आकडा लिहीत होता. तिनं दार लोटलं. या खोलीचं दार नीट लागत नाही, बाबांच्या एवढ्या वर्षांत ते तसंच राहिलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "बोट सोडून आणखी काही घासलंय का?"

बाबांनी कानस फडक्यात गुंडाळली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मायक्रॉनचं लिहिणं थांबलं.

"ड्रॉइंगचं कपाट उघड," बाबा म्हणाले. "आणि बस. आईला फोन करून सांग, आपण जेवायला येत नाही म्हणून."

तिनं कपाट उघडलं. मायक्रॉननं न सांगता वहीचं नवं पान काढलं.